कायशुद्धी

२ ऑगस्ट १९७४, रिसोड

महाराज परवा प्रवचनात म्हणाले, दुकानात आलेलं कापड तुम्ही उलटसुलट करून पाहता, वीण कुठं सुटली, डाग कुठं पडला ते बोटानं चाचपता. तसा आपला दिवसही संध्याकाळी एकदा उलटून पाहत जा. मी कापडवाला, त्यामुळे ते मलाच म्हणाले असं वाटलं. म्हणून ही वही. शिक्षण रिठदच्या शाळेत सातवीपर्यंत, तेव्हा भाषा साधीच राहील. दिव्यावर जीव येऊन मरतात, म्हणून दिवे लागायच्या आत लिहायचं ठरवलं आहे.

यंदा मुनिमहाराजांचा चातुर्मास आमच्या रिसोडच्या मंदिरात आहे. ते दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. सकाळी मनात काही नेम धरून निघतात, आणि तो जिथं जुळेल त्या दारी थांबतात. गावातली आमची सगळी जैन घरं रोज चौका लावतात, म्हणजे शुद्ध स्वयंपाक मांडतात, आणि नवरा-बायको जोडीनं दारात उभी राहतात. मागं एकदा मुनी आले होते तेव्हा सूरज, माझी बायको, नेमकी बाहेर बसलेली. जोडी झाली नाही. ती हळहळ माझ्या मनातून गेली नाही. आता तिची अडचण कायमची गेली, त्याला दोन वर्षं झाली. मुली सासरी आहेत, घरात आम्ही दोघं आणि माझी थोरली विधवा बहीण धापूबाई. आता काही आडवं येण्यासारखं नाही.

९ ऑगस्ट

उद्यापासून चौका लावायचा. सूरज सकाळी म्हणाली, "मी चार दिवस मेहकरले भावाकडं जाऊन येऊ का?"

मी चकित झालो. "आता? महाराज दारी याची वेळ झाली अन् तू मेहकरले?"

"पोटात खालून दुखते जरा."

धापूबाई पीठ चाळता चाळता म्हणाली, "मेहकरले गेलं का पोट दुखाचं ऱ्हाते वाटते? आमच्या इकडं पोटदुखीले ववा नाही मिळत का?"

मी सूरजला समजावलं, की हा योग मी किती वर्षं धरून बसलो आहे. ती मान खाली घालून "बरं" म्हणाली. दुपारी दुकानात येऊन मांजरपाटाचे उरलेले तुकडे मागून नेले. पायपुसणी शिवते म्हणाली.

११ ऑगस्ट

आज माझ्या जन्माचं सोनं झालं.

महाराज दोन दारं सोडून आमच्यासमोर आले आणि थांबले. मी आणि सूरज, डोक्यावर कलश, हातात श्रीफळ. "नमोस्तु, नमोस्तु, अत्र तिष्ठ तिष्ठ." तीन प्रदक्षिणा झाल्या. मग आत येण्याआधी म्हणायचं असतं ते जोडीनं म्हटलं: मन शुद्ध, वचन शुद्ध, काय शुद्ध, आहार-जल शुद्ध आहे. देणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं ही ग्वाही दिल्याशिवाय मुनी घास घेत नाहीत. 'काय शुद्ध' म्हणताना सूरजचा आवाज घशात अडकला. मग तिनं ते पुन्हा एकदा, नीट, मोठ्यानं म्हटलं. भक्ती अशी असते. मी इतकी वर्षं मंदिरात जातो, माझा आवाज कधी असा अडकला नाही.

आहार निर्विघ्न झाला. केस नाही, किडा नाही, घास टाकून उठावं लागेल असा काही अंतराय नाही. महाराज गेल्यावर घर माणसांनी भरलं. सूरजला शोधलं तर ती मागच्या न्हाणीजवळ बसून रडत होती. कपडे स्वतःच धुवून वाळत घातले होते. धापूबाई तिच्याजवळ उभी होती, मला पाहून आत गेली. मी म्हटलं, रड, असं रडणं पुण्यवंताला येतं.

सूरजनं उद्या-परवाचा उपास धरला आहे.

३० ऑगस्ट

सूरजची अडचण पुन्हा सुरू झाली. या वयात! ती मागच्या खोलीत जाऊन बसली. धापूबाईनं ताट-तांब्या वेगळा केला. मला मात्र एका गोष्टीचं बरं वाटलं आणि मी तिला दारातूनच सांगितलं, "पाय, देवाची लीला नाही तं कर्माचा उदय म्हन, पन थोडे दिवस आंधी हे आलं असतं तं आपला आहार गेला असता."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हो."

१४ नोव्हेंबर

दिवाळी गेली. सूरज अजून बाहेरच आहे. मधे आठवडाभर थांबतं, ती न्हाऊन घरात येते, की पुन्हा सुरू. इथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग सुया दिल्या. म्हणाले, पाळी जाताना बायकांचं असं होतं, कधी परत उलटते, घाबरू नका. लघवीला जळजळ होते म्हणाली, त्यावर वेगळं औषध दिलं. तपासतो म्हणाले तर सूरज तयार होईना, आणि पुरुष डॉक्टरनं तपासावं असं मलाही वाटलं नाही.

मी रोज उंबऱ्याच्या अलीकडे पाट टाकून बसतो आणि तिला स्वाध्याय वाचून दाखवतो. ती पलीकडे घोंगडीवर. कधीकधी मधेच उठून जाते. फार वेळा जाते. नियम मात्र एवढासाही मोडत नाही. अंगणातल्या तुळशीलाही सावली पडू देत नाही. अशी बाई मिळणं हे माझं भाग्य आहे, असं मी आज धापूबाईला म्हटलं.

धापूबाई म्हणाली, "भाग्याचं पाहू मंग. तिचं तोंड पाह्यलं का तू? पांढरं पडलं, मैद्यावानी."

१९ जानेवारी १९७५, अकोला

लिहायला हात चालत नाही. परवा सकाळपासून सूरजला लघवीच होईना. पोट दगडासारखं, आणि ती ओठ चावून पडलेली. रक्ताच्या गाठी पडत होत्या, त्या आतच अडकल्या. जीप करून वाशीम, तिथून गाडीनं अकोला. इथं एक लेडी डॉक्टर आहेत. त्यांनी दार लावून घेतलं, रबराची नळी घालून लघवी काढली. मला बोलावून काचेचं भांडं दाखवलं. लाल.

बाई म्हणाल्या, "हे पाळीचं रक्त नाही. गर्भपिशवी मी तपासली, ती चांगली आहे. रक्त लघवीच्या पिशवीतून येतंय. पहिल्या दिवसापासून तिथूनच येत असणार. कधीपासून आहे?"

मी म्हटलं, ऑगस्टअखेर. सूरज आतून ऐकत होती.

"इतके महिने? बायकांच्या बाबतीत नेहमी हेच होतं हो. पुरुषाला लघवीतून रक्त गेलं तर तो त्याच दिवशी धावत येतो. बाईचं रक्त म्हटलं की घरचे पाळी म्हणतात आणि आम्ही डॉक्टरही तेच म्हणतो." नागपूरला जायला सांगितलं. रोगाचं नाव त्यांनी घेतलं नाही, मी विचारलं नाही.

काल संध्याकाळी मी सूरजला आनंदानं सांगितलं, की तुझं बाहेर बसणं उगाचच होतं, तो विटाळ नव्हताच. वाटलं, तेवढंच तिला बरं वाटेल. ती उठून बसली.

"विटाळ नोता?"

"नोता म्हनतात."

"कवाच नोता? सुरू झालं तवापासून?"

"पहिल्यापासून."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडते का हसते कळेना. मग म्हणाली, "मले तं ते ठाऊक नोतं ना पन." मी म्हटलं, कोणालाच ठाऊक नव्हतं.

११ फेब्रुवारी, नागपूर

मोठ्या दवाखान्यात आहोत. तिला गुंगी देऊन, लघवीच्या वाटेनं बारीक दुर्बीण घालून आत पाहिलं. तुकडा काढून तपासला. आज सर्जन साहेबांनी मला समोर बसवून सांगितलं. कॅन्सर आहे. मूत्राशयाच्या भिंतीत आत, मांसापर्यंत गेला आहे. वरवर असता तर दुर्बिणीतूनच खरवडून काढला असता, आता तेवढ्यानं भागणार नाही.

त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मूत्राशय पूर्ण काढायचं, त्याबरोबर गर्भपिशवीही. मग आतड्याचा एक लहान तुकडा वेगळा करून त्याला दोन्ही मूत्रपिंडांच्या नळ्या जोडायच्या, आणि त्याचं तोंड पोटावर, बेंबीच्या उजवीकडे उघडायचं. त्यावर रबराची पिशवी चिकटवायची. लघवी त्यात थेंबथेंब येत राहणार, जन्मभर. ऑपरेशन मोठं आहे, त्यातच माणूस जाऊ शकतं. पण निभावलं तर वाचण्याची आशा यातच जास्त.

"दुसरं काही?"

"कोबाल्टचा शेक देता येतो. काहींना गुण येतो. पण हिच्यासाठी मी ऑपरेशनच सांगेन, आणि लवकर."

मी बाहेर येऊन जिन्यावर बसलो. णमोकार मंत्र म्हणायला गेलो तर मधलेच शब्द आठवेनात.

१३ फेब्रुवारी

बाजूच्या खाटेवर मेडशीची भागिरथाबाई आहे. आपल्याच भागातली म्हणून बोलणं निघालं. बौद्ध आहे, शेतात राबणारी. तिचं हेच ऑपरेशन याच साहेबांनी मागच्या वर्षी केलं, आता दाखवायला आली आहे. नवरा देवमन बाहेर व्हरांड्यात भाकरी खात बसतो. बाई मोठ्या आवाजाची. आज तिनं लुगडं बाजूला करून सूरजला आपली पिशवी दाखवली. मी तोंड फिरवलं, ऐकू मात्र येत होतं.

"हे पाय बाई. गावात नळ आला नाही अजून, माह्या पोटाले आला!"

सूरज हसली. कित्येक महिन्यांनी हसली.

"अवं, वावरात निंदाले जातो मी. बायका उठतात, आडोसा पाहतात, मी आपली निंदूनच राह्यली. मुकादम म्हने, भागिरथा, तू लय कामाची हायेस!"

"वास नाही येत?"

"येते ना. धुवा लागते रोज. पह्यले लय रडली मी. देवमन म्हने, मले तं तू पायजे, वास घेऊन मी काय करू."

सूरज म्हणाली, "देवाले जाता?"

"विहारात जातो. तिथं कोनी इचारत नाही लुगड्याखाली काय हाय थे."

१६ फेब्रुवारी

मला वाटलं, सूरजला मंदिराची आणि चौक्याची धास्ती आहे. म्हणून आज इथल्या मंदिरात जाऊन पंडितजींना गाठलं. फार भले गृहस्थ. म्हणाले, शरीर राहिलं तर धर्म. आजाऱ्याला नियम सैल असतात. पिशवी असली तरी लांबून दर्शन, जप, स्वाध्याय, सगळं करता येईल. मी जवळजवळ पळतच दवाखान्यात आलो आणि तिला सांगितलं.

"मंदिराचं नाही हो ते," ती म्हणाली.

"मंग कायचं?"

ती छताकडे पाहू लागली. मग म्हणाली, "एक इचारू? तुमी शास्त्र वाचता म्हनून. एखाद्या बाईनं घागरीतलं पानी न गाळेल हाय असं समजून, तसंच कोनाले पाजलं. मागून कळलं का ते गाळेलच होतं. तं तिले पाप लागते का?"

प्रश्न ऐकून मला बरं वाटलं. आजारातही तिचं मन तत्त्वाकडे आहे. मी तिला नीट उलगडून सांगितलं, की कर्म हाताला चिकटत नाही, भावाला चिकटतं. पाणी गाळलेलं निघालं ही योगायोगाची गोष्ट. तिनं पाजलं ते अशुद्ध समजूनच. म्हणून दोष पुरा लागतो, रतीभर कमी नाही.

"अन् ज्याले पाजलं तो कोनी मोठा असन तं? साधू-संत?"

"तं मंग इचारूच नको."

"फिटते का ते?"

"भोगल्याबिगर नाही फिटत."

ती हळूच "बरं" म्हणाली, आणि माझ्या हातावर हात ठेवला. इतकं सोपं करून मी आजवर काही सांगितलं नव्हतं.

१७ फेब्रुवारी

सूरजनं ऑपरेशनला नाही म्हटलं.

साहेबांनी समजावलं, नर्सनं समजावलं. भागिरथाबाईनं तर शिव्याच घातल्या: "मरतं का बयताडे! घरचं सोनं नाही मांगून राह्यले ते, सडेल पिशवी मांगून राह्यले!" सूरज फक्त मान हलवते. मी हात जोडले. बायकोपुढे मी पहिल्यांदा हात जोडले. ती म्हणाली, "आलं ते भोगू द्या मले."

शेवटी शेक घ्यायला तयार झाली. तेही मी रडलो म्हणून.

साहेब म्हणाले, "तुमच्या धर्मात काही अडचण आहे का?" मी म्हटलं, नाही. ते माझ्याकडे असे पाहत राहिले, की मला वाटलं मी खोटं बोललो.

२३ मार्च, नागपूर

रविवार सोडून रोज शेक. मशीनच्या खोलीत ती एकटी असते, जाड दार लागतं. मी बाहेर बाकावर माळ घेऊन बसतो. दिसत काहीच नाही, जाळ नाही, उजेड नाही, आणि आतून माणूस भाजून निघतं. पोटाखालची कातडी काळी पडली आहे. लघवीला घडीघडी, जुलाब, थेंबाथेंबाला आग. पाणी भरपूर प्यायला सांगितलं आहे, पण सूर्य मावळल्यावर ती पाण्याचा थेंब घेत नाही. डॉक्टर रागावले, मीही म्हटलं की आता सूट आहे. ऐकत नाही.

मी म्हटलं, "लय जळते का?"

"जळू द्या. जळलं का कमी होते."

गाठीबद्दल म्हणत असावी.

६ जून, रिसोड

रक्त थांबलं. दीड महिना झाला, एक डाग नाही. ती अंगणात बसून ऊन घेते, गहू निवडते. मला आशा वाटायला लागली आहे आणि आशेचीच भीती वाटते.

एक कळत नाही. ती स्वयंपाकघरात पाऊल ठेवत नाही. धापूबाईच आज म्हणाली, "सूरज, आता कोरडी हायेस, ये ना आत. मी काय वाघ हाव?" ही धापूबाई, जी पूर्वी सावली मोजायची! सूरज म्हणाली, "बाई, तुमाले तं ठाऊक हाये." धापूबाईनं पदरानं भांडं पुसायला घेतलं, पुसलेलंच पुन्हा पुसलं.

२१ जुलै

शिरपूरला मुनिसंघ आल्याचं कळलं. सूरजला उभारी यावी म्हणून मी म्हटलं, बरं वाटलं की आपण तिथं जाऊन एकदा चौका लावू, पुन्हा जोडीनं उभं राहू. आणि मागच्या वर्षीचा तो दिवस तिला आठवून सांगायला लागलो: महाराज कसे थांबले, तिचा आवाज कसा भरून आला. कोणी दुकानात आलं की मी हे सांगतोच. ऐकता ऐकता तिनं ताट बाजूला सारलं.

"नका सांगू ते. पाया पडते, नका सांगू."

तिच्या अंगाला कापरं भरलं होतं. तापच होता. दुपारून पुन्हा लाल झालं.

२४ ऑगस्ट

नागपूरहून परत आलो. साहेबांनी तपासलं, फोटो काढले. रोग मूत्राशयाबाहेर गेला आहे. मूत्रपिंडाच्या वाटा दाबल्या जात आहेत, म्हणून कंबर फुटल्यासारखी दुखते आणि डावा पाय सुजला आहे. आता ऑपरेशन करण्यासारखं राहिलं नाही. दुखण्याच्या गोळ्या दिल्या. म्हणाले, घरी न्या, जवळ बसा. फेब्रुवारीचं त्यांनी काही काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, मला कोणावर तरी ओरडता आलं असतं.

आज मंदिरात गेलो. आमचा देव वीतराग. तो देत नाही, घेत नाही, रागावत नाही. त्याच्याकडे मागायचं नसतं, हे मी स्वतः मुलांना शिकवत आलो. तरी आज मागितलं. कपाळ फरशीला लावून भिकाऱ्यासारखं मागितलं. मूर्ती होती तशीच होती. इतकी शांत, की मला तिचा राग आला. हे पाप असेल तर असो, लिहून ठेवतो.

तिची भांडी मीच करतो. चादर मीच धुतो. पूर्वी उंबऱ्याबाहेर बसायचो, आता खाटेला खाट लावली आहे. वास येतो. देवमनचं ते वाक्य रोज आठवतं, पण मला ते तिला म्हणता येत नाही. जीभ वळत नाही.

१२ सप्टेंबर

भागिरथाबाई आली. रिसोडच्या बाजाराला आली होती, मुगाच्या शेंगा घेऊन. अंग भरलेलं, चालणं खणखणीत. सरळ सूरजच्या खोलीत गेली, तिच्या डोक्यातून हात फिरवत बसली. सूरज आता हाडांची मोळी राहिली आहे. बाहेर आल्यावर भागिरथाबाई माझ्यासमोर उभी राहिली. डोळे पुसले नाहीत, तशीच बोलली.

"शेठजी, काहून नाही कापू देलं हो हिनं?"

"तिचा धरम," मी म्हटलं.

"धरम? मले तं नागपुरात म्हने, माह्याकून लय मोठं खोटं बोलल्या गेलं, हे त्याचंच हाय. हे कापून टाकलं तं मी फेडू कायनं?"

"खोटं? सूरज? कोनाजवळ?"

"ते मले नाही सांगतलं. तुमी इचारा. नवरा तुमी हा का मी?"

मी विचारलं नाही. तापात माणूस काहीही बोलतं. सूरज जन्मात खोटं बोललेली नाही, हे मी कोणत्याही देवळात शपथेवर सांगेन. शिवाय विचारायला गेलो आणि ती काही म्हणालीच तर, एवढ्या थोड्या दिवसांत ते ठेवू कुठं?

२१ सप्टेंबर

आज क्षमावाणी. सकाळी मंदिरात सगळ्यांनी एकमेकांची क्षमा मागितली. ज्यांच्याशी वर्षभर बोलणं नव्हतं त्यांच्याही गळ्यात पडलो. सगळे सूरजची चौकशी करत होते, आणि मी "आहे" एवढंच म्हणत होतो.

घरी येऊन तिच्या खाटेशी बसलो. गोळीची गुंगी उतरली होती, डोळे स्वच्छ होते. मी हात जोडून म्हटलं, "मनानं, वाचेनं, कायेनं, जानता अजानता माह्याकून काही चुकलं असन तं मले क्षमा कर."

तिनं हात जोडायचा प्रयत्न केला, उचलले गेले नाहीत. मी माझ्या हातांत धरून जोडले.

"माह्याकून चुकलं," ती म्हणाली.

"जानता अजानता म्हन."

"अजानता नाही. जानून. त्या दिवशी, महाराज आले तवा, मी..."

धाप लागली. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. "आज कारन सांगाचं नसते. नुसती क्षमा मागाची अन् समोरच्यानं देल्ली म्हनाची. मी देल्ली."

"आयका तं..."

"देल्ली म्हटलं ना सूरज."

"कायची देल्ली?"

"सगळ्याची."

ती माझ्याकडे पाहत राहिली. इतका वेळ कोणी कोणाकडे पाहू नये. धापूबाई दारात उभी होती, तिनं तोंडात पदर कोंबला आणि मागच्या अंगणात गेली. मग सूरजनं मान वळवली, भिंतीकडे, आणि डोळे मिटले. मी दोनदा हाक मारली. ऐकत होती, कारण पापणी हलली. बोलली नाही.

काय सांगणार होती कोण जाणे. तेव्हापासून तोच विचार करतो आहे. त्या महाराजांनी मिठाचा जन्मभराचा त्याग केलेला होता. एखाद्या भाजीत चुकून मीठ पडलं असेल, तिला ते देताना कळलं असेल आणि अंतराय होईल म्हणून ती गप्प राहिली असेल. दुसरं काय असणार? एवढ्याशा गोष्टीसाठी तिनं वर्षभर स्वतःला जाळलं, तर मी तिला सांगायला हवं होतं, की मिठाचा दोष फार लहान असतो. उद्या सकाळी सांगेन, तिनं डोळे उघडले तर.